यंदा आडणा नाही

बुधवारी सकाळी अकरा वाजता माझ्या धाकट्या बहिणीनं माझी माफी मागितली. एका पांढऱ्या कबुतराच्या चित्रावर. कबुतराच्या चोचीत फांदी, खाली गुलाबाची फुलं आणि वळणदार अक्षरांत लिहिलेलं, 'सरत्या वर्षात कळत-नकळत माझ्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास क्षमस्व.' वर बारीक अक्षरांत फोननंच चुगली केली होती की हा मजकूर आधी पुष्कळांनी पुष्कळांना पाठवलेला आहे.

मी घाऱ्यांसाठी भोपळा किसत होते. कबुतर बघितलं आणि किसणी परातीत टाकून दिली.

सूर्य मावळला की आमची दारफळणी लागणार होती. जगभरचे ज्यू या सणाला योम किप्पूर म्हणतात. आता आमची मुलंही तेच म्हणतात, पण आम्हा बेने इस्राएलांच्या घरात तो दारफळणीचाच सण. दिवस बुडायच्या आत आंघोळ करायची, पांढरं नेसायचं, दाराला आतून आडणा, म्हणजे लाकडी अडसर, लावायचा आणि दुसऱ्या दिवशी आभाळात तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही. कुणाकडं जायचं नाही, कुणाला आत घ्यायचं नाही. वर्षभर जसे वागलो तसे देवापुढं उभं राहायचं. त्या रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, निरोप घेतात, असं माझी आजी सांगायची. म्हणून आमच्या घरी कोपऱ्यात त्यांच्यासाठी पांढरी चादर अंथरतात.

पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधीचं एक काम असतं, ते माझे वडील आम्हाला दरवर्षी ऐकवायचे. "देवाचा गुन्हा केलात तर उपास करा, देव बघून घेईल. माणसाचा केलात तर उपासानं मेलात तरी उपयोग नाही. त्याच्या दारात जा, काय केलं ते तोंडानं सांगा. नाही म्हणाला तर परत जा. तीनदा जा. आणि ते सगळं दार लागायच्या आत." वडील रेल्वेत गार्ड होते. एकदा लासूर स्टेशनवर त्यांनी एका खलाशाला चारचौघांत मूर्ख म्हटलं होतं. दारफळणीच्या आदल्या दिवशी ते मालगाडीनं लासूरला गेले, त्या खलाशाला फलाटावर बोलावलं आणि त्याच चारचौघांत हात जोडले. खलाशी घाबरून पळायला लागला. वडील त्याच्या मागं. हे सांगताना ते स्वतःच हसायचे. पण गेले होते.

आणि त्यांची मुलगी कबुतर पाठवते!

मी फोन लावला. तिकडं इस्राएलात, लोदला, तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले असणार.

"अक्का! आत्ता कसा काय फोन?" अबिगेलचा आवाज अजून झोपेतला होता.

"कबुतर मिळालं."

"छान आहे ना? आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं."

"आणखी कुणाकुणाला पाठवलंस?"

"सगळ्यांनाच पाठवलं."

"दातांच्या डॉक्टरला पण?"

"अक्का, सणाच्या दिवशी भांडायला फोन केलास का?"

"माफी मागितलीस ना? मग कशाबद्दल ते सांग."

"कशाबद्दल म्हणजे? सगळ्याबद्दल."

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही. नाव घेऊन सांग."

"मग तूच सांग ना, काय केलं मी."

"मी सांगू? चोरानं चोरी करायची आणि घरमालकानं त्याला यादी करून द्यायची?"

 ती म्हणाली, "आईचं म्हणतेस का? अक्का, मुलं लहान होती. यायला जमलं नाही. किती वेळा सांगू?"

"यायचं सोड गं. फोनचं बोल. शेवटचे तीन महिने तिची खाट मी फोनपाशी सरकवली होती. घंटा वाजली की ती उशीवरून मान उचलायची. फोन माझ्या नवऱ्याच्या ऑफिसचा असायचा. तीन महिने, अबी. तुला बोटं नव्हती?"

माझा आवाज चढला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं खिडकीतून आत पाहिलं. मला वाटलं आता अबिगेल रडेल. लहानपणी ती लगेच रडायची. मी तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिला मीच वाढवली. ती रडली की मी जिंकले असं ठरलेलं असायचं.

ती रडली नाही.

"फोन?" ती म्हणाली. "फोनबद्दल तू मला बोलतेस? तू?"

"म्हणजे काय?"

"वहिदाकडं गेलीस कधी? तोंडानं सांगितलंस तिला? का दर शिळ्या सणाला घाऱ्यांचं ताट दिलं की झालं? माझं कबुतर तरी फुकटात उडतं अक्का, तुझ्या घाऱ्यांना तूप लागतं."

मी फोन बंद केला. या मोबाइलचा एक वैताग आहे, तो आपटता येत नाही.

*

आमच्या घरात काळा, जड, आपटता येणारा फोन होता तेव्हाची ही गोष्ट. पंच्याऐंशी साल. तेव्हा शहर औरंगाबादच होतं आणि इथं छावणीत आमच्या लोकांची अकरा घरं होती. आता मी एकटी आहे. माझे यजमान हनोख टेलिफोन खात्यात लाइन इन्स्पेक्टर, म्हणून आमच्याकडं फोन. सगळी गल्ली नातेवाइकांना आमचाच नंबर द्यायची. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, आमचा नंबर आणि पुढं 'पीपी'. भिंतीला भिंत लावून वहिदाचं घर. तिचा नवरा कय्युम फर्दापूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडं पाहुण्यांची गाडी चालवायचा, आठवड्यातून दोनदा घरी यायचा. वहिदा तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. माझ्या आईनं तिला पुरणपोळी शिकवली, तिनं आईला शीरखुर्मा. आईला ती अम्मा म्हणायची. माझ्यापेक्षा तिचं आईशीच जास्त जमायचं, हे मला तेव्हाही आवडत नव्हतं.

वहिदाचे वडील देवगाव रंगारीला शिंपी होते. त्या सप्टेंबरात ते आजारी होते. तिनं भावाला सांगून ठेवलं होतं, काही झालं तर पोस्टातून भाभीकडं, म्हणजे माझ्याकडं, फोन कर.

त्या वर्षी दारफळणी बुधवारी आली. हनोख नमाजासाठी पुण्याच्या सिनेगॉगला गेले होते. आमचे जुने लोक प्रार्थनेला नमाजच म्हणत. घरात मी, आई आणि अबिगेल. तिघी पांढऱ्या साड्यांत. त्याआधीच्या चार वर्षांत माझे दोन गर्भ पडले होते. मुंबईच्या मामींनी मला सांगितलं होतं, "यंदाची दारफळणी पूर्ण मनानं कर सेगुला, दार अजिबात किलकिलं होऊ देऊ नको. घरात आलेली आपली माणसं आशीर्वाद देऊन जातील." मी ते डोक्यात धरून बसले होते.

सकाळी दहाला फोन वाजला. आम्ही सणाला फोनला हात लावत नसू. तो वाजून वाजून थांबला. पाऊण तासानं परत. मग परत. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईनं पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. दोघींच्या मनात एकच नाव होतं.

साडेअकराला दार वाजलं. "भाभी, फोन बज रहा है. माझा तर नसंल? भाभी?"

अबिगेल उठली. मी तिच्या आधी दारापाशी गेले आणि आडण्यावर हात दाबून धरला.

आतून आई म्हणाली, "उघड गं सेगुले. जिवापुढं सण नाही."

मी उघडलं नाही.

वहिदा आधी बोटांनी वाजवत होती, मग तळहातानं. "अम्मा! अम्मा, एक बार देखो ना." आणि माझ्या पाठीमागं फोन चौथ्यांदा सुरू झाला. दाराच्या त्या बाजूला ती ऐकत होती, या बाजूला मी. लाकूड दोन बोटं जाडीचं. फोन थांबला तशी तीही थांबली. तिच्या चपला ओट्यावरून उतरल्या.

चार वाजता देवगावचा एक माणूस एसटीनं निरोप घेऊन आला. वडील पहाटे गेले होते. लेकीची वाट बघून बघून दुपारच्या नमाजानंतर मिट्टी दिली होती. ती अंधार पडल्यावर पोचली तेव्हा कबरीवरची माती ओली होती.

आठ दिवसांनी ती परत आली. मी तिच्याकडं गेले. तिनं विचारलं, "भाभी, तुम्ही घरात होत्या ना?"

आणि मी म्हणाले, "मी उघडणार होते गं. आईनं नको म्हटलं. जुनी माणसं, तुला माहितीये."

भिंतीपलीकडं, आमच्या खोलीत, आई होती. मधली भिंत पातळ. वहिदाच्या घरात कप फुटला तरी आम्हाला कळायचं. आईनं ऐकलं. मी घरी आले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, काही बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढं अकरा वर्षं नाही. वहिदा माझ्याशी पहिल्यासारखी वागायला लागली, पण आईला तिनं परत कधी अम्मा म्हणून हाक मारली नाही. ओट्यावर आई बसलेली असली की ती पदर डोक्यावर ओढून समोरून निघून जायची. आई शेवटच्या आजारात असताना गल्लीतलं एकूण एक माणूस भेटून गेलं. वहिदा आली नाही.

मूल मला झालं नाही ते नाहीच. देवाला माझी दारफळणी आवडली नसावी. त्याचाही मला राग आहे, तो वेगळा.

*

दुपारी एक वाजता मी वहिदाकडं गेले. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. यंदाच्या पावसानं जुडी आतून काळी पडली होती आणि ती भाजीवाल्याला शिव्या देत होती.

"आओ भाभी, बैठो. आज तुमचा बंद दाराचा सण ना? घाऱ्या झाल्या?"

"व्हायच्यात." मी बसले. दोन काड्या हातात घेऊन निवडायला लागले. सासू-सुनांचं, गुडघ्यांचं, समोरच्या इमारतीच्या गटाराचं बोलून झालं. मग मी म्हणाले, "वहिदा, इतकी वर्षं शेजारी राहिलो. माझं काही चुकलं असेल, तुझं मन दुखावलं असेल, तर माफ कर बाई."

ती हसली. "लो! चुकायचंच की. शेजार हाय. मी नाय का तुमच्या तुळशीला बकरी सोडली? माफ, माफ. सब माफ."

मी घरी आले. घागर उतरवल्यासारखं हलकं वाटायला हवं होतं. पायरीवरच अंगाचा तिळपापड झाला. कारण मी काय केलं होतं ते मला चांगलं कळलं होतं. मी तिला कबुतर दिलं होतं.

घाऱ्या तळल्या. दोन करपल्या. किसमिसचं सरबत गाळून ठेवलं. हातानं कामं होत होती आणि तोंडानं मी एकटीच भांडत होते. कधी अबिगेलशी, कधी आता नसलेल्या हनोखशी. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याला जायचं तुम्हाला काय अडलं होतं? तुम्ही घरात असतात तर तुम्ही उघडलं असतं. मग मामींशी. मग आईशी, की तूही का गप्प बसलीस? एकदा म्हणायचंस, खोटं बोलते ही. एका वाक्यात झालं असतं. मला खोटारडी ठरवायचं नव्हतं म्हणून स्वतः वाईट झालीस. कुणी सांगितलं होतं?

चार वाजता मी परत गेले. वहिदा आता आत होती, टीव्हीपुढं. मी बसले नाही.

"टीव्ही बंद कर."

"क्या हुआ भाभी?"

"तुझे वडील वारले त्या दिवशी फोन तुझा होता. मला ठाऊक होतं तुझा आहे. चार वेळा वाजला. तू दार वाजवलंस."

तिनं टीव्ही बंद केला. रिमोट मांडीवर ठेवला. "छोडो ना ती बात. अम्मांनी नको म्हटलं, तुम्ही काय करणार."

"आईनं नको म्हटलं नव्हतं."

"क्या?"

"आई म्हणाली, उघड. जिवापुढं सण नाही, असं म्हणाली. अबी उठली होती. मी आडण्यावर हात ठेवला होता. मी एकटीनं. आणि तुला जे सांगितलं ते खोटं सांगितलं."

टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो. रस्त्यावर कुणीतरी गाडी धुऊन तिला झेंडूची माळ बांधत होतं. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

"अम्मा म्हणाल्या उघड?" वहिदानं विचारलं.

"हो."

"आणि मी अकरा साल त्यांच्या समोरून थुंकून गेल्यासारखी गेले." ती उभी राहिली. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, पण एका झटक्यात उभी राहिली. "त्या बिमार होत्या तेव्हा माझ्या पोरानं सांगितलं, अम्मी, अम्मादादी तुझं नाव घेतात. मी म्हटलं, घेऊ दे. समजतंय का तुला? मी म्हटलं, घेऊ दे!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली.

"वहिदा, मी माफी—"

"नाय."

"ऐक तर."

"काय ऐकू? अब्बा गेले, ते अल्लाची मर्जी. मिट्टी चुकली, ते नशीब. तू दार नाय उघडलं, तुझा सण होता, चल, तेबी ठीक. पण अम्मा? जी बाई माझ्यासाठी बोलली तिलाच मी दुश्मन केली. ते कुणी करवलं? उठ. जा."

"मी उभीच आहे."

"तर मग निघ."

मी बाहेर आले आणि तिनं दार लावलं. आपटलं नाही. हळू लावलं आणि कडी घातली. कडीचा आवाज मला ऐकू यावा असा घातला.

*

साडेपाच झाले होते. सूर्य बुडायला पाऊण तास. आंघोळ केली, आधी गरम पाणी, मग गार. पांढरी साडी नेसले. चार घास गिळले. कोपऱ्यात चादर अंथरली, सुरकुत्या काढल्या. फोन बंद करायला घेतला तर अबिगेलचा निरोप आला होता. या वेळी चित्र नव्हतं. लिहिलं होतं, 'अक्का, आईला मी तीन महिने फोन केला नाही. ती ये म्हणेल आणि मला नाही म्हणावं लागेल, म्हणून. हे मी केलं.'

मी दोनदा वाचलं. मग लिहिलं, 'वाचलं.' याहून जास्त त्या घडीला माझ्यापाशी नव्हतं. फोन बंद केला.

आणि तिसऱ्यांदा गेले.

वहिदाचं दार बंदच होतं. मी बोटांनी वाजवलं. आत पावलं आली आणि दारापाशी थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, ऑपरेशननंतर ती तशी धापा टाकते.

"वहिदा."



मी तळहातानं वाजवलं. समोरच्या आशाबाई तोरणाची पानं ओवत पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "काय झालं वो सेगुलाबाई? वहिदाभाभी घरातच हाय की. मला दिसली."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. आशाबाईंसमोर, पांढऱ्या साडीत, मी त्या दाराला तोंड लावून म्हणाले, "वहिदा, मी तुझ्यावर दार बंद ठेवलं आणि दोष माझ्या आईवर टाकला. मला माफ कर. दिवस बुडायला आलाय."

 मग आतून आवाज आला. "आज तुमच्याकडं गेलेली माणसं येतात ना?"

"हो."

"अम्मा येतील?"

"येतात म्हणतात."

"मग आडणा लावू नको. मला अम्माशी बोलायचंय. तुझ्याशी नाय."

"वहिदा, अगं, तो सणच दार बंद करायचा आहे. माझ्या आजीच्या आजीपासून—"

"मग नको येऊ माझ्या दारात." पावलं आत गेली.

मी ओट्यावर उभी राहिले. मला तिचा भयंकर राग आला. मागून मागून हेच मागायचं? दुसरं काहीही माग. या शहरात हा सण पाळणारी मी शेवटची आहे. इथं आमचं सिनेगॉग नाही, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष नाहीत, एकही नाही. माझ्याजवळ काय उरलं होतं? एक पुस्तक, एक चादर आणि एक लाकडाचा दांडा. त्यातला दांडा ती मागत होती.

आशाबाई म्हणाल्या, "भांडलात व्हय या वयात?"

"तुम्ही तोरण ओवा," मी म्हणाले आणि घरात आले.

आडणा दारामागं टेकून उभा होता. मी तो हातात घेतला. सागाचा आहे, आजोबांनी रोह्याहून आणलेला, मधोमध हातांनी गुळगुळीत झालेला. त्या गुळगुळीत जागेवर माझा हात बरोबर बसतो. चाळीस वर्षांपूर्वीही तिथंच बसला होता.

मी तो खाटेखाली सरकवला. आणि दार सताड उघडं ठेवून, रस्त्याकडं तोंड करून, खुर्चीत बसले.

*

इतकी वाईट दारफळणी मी आयुष्यात पाळली नाही. रात्रभर डास. पहाटे कुत्रं आत येऊन चादरीजवळ बसलं, त्याला हाकलताना माझी प्रार्थना चुकली. सकाळपासून क्रांती चौकाकडून ढोल. पोरं गाड्यांना हार घालून भोंगे वाजवत जात होती. आणि उघडं दार दिसल्यावर लोक थोडेच थांबतात? इतकी वर्षं त्यांना माहीत होतं, हा दिवस आला की सेगुलाबाईंकडं जायचं नाही. आता दार उघडं म्हणजे या म्हटल्यासारखंच. आशाबाईंची सून मेघा आपट्याची पानं घेऊन आली. "सोनं घ्या आजी, सोन्यासारख्या राहा." मी मानेनं नको म्हटलं. तिनं पानं माझ्या मांडीवर ठेवली, पाया पडली आणि विचारलं, "आजी, पाणी आणू का? ओठ सुकलेत." मला ओरडावंसं वाटलं. पाणी! आज मला पाणी विचारते ही!

साडेअकराला वहिदा आली.

तिनंही धुतलेली ओढणी घेतली होती. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. चौकटीवरच्या मेझुझाकडं, आमच्या त्या लहानशा चांदीच्या नळीकडं, तिनं पाहिलं. आई येता-जाता तिला बोट लावून ओठांना लावायची. वहिदानं तसंच केलं. माझ्याकडं न पाहता ती माझ्या खुर्चीजवळून आत गेली आणि भिंतीचा आधार घेत, कण्हत, चादरीसमोर खाली बसली.

"अम्मा," ती म्हणाली. "मैं वहिदा. दार वाजवलं होतं, तुम्ही उघड म्हणालात. मला कुणी सांगितलं नाय."

पुढचं ती दखनीत बोलली, हळू. मी कान दिला नाही. रस्त्याकडं बघत बसले. आईनं शिकवलेल्या पोळ्यांचं काहीतरी ती सांगत होती. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला. एकदा, देवाशपथ, ती हसली. अकरा वर्षांचं बोलायचं राहिलं होतं, ते अर्ध्या तासात संपणार नव्हतं. पण अर्ध्या तासानं तिचा गुडघा भरला असावा.

"हात दे," ती म्हणाली.

मी उठले, हात दिला. उपासानं मलाच चक्कर येत होती. दोघी एकमेकींना धरून कशाबशा उभ्या राहिलो.

"वहिदा, आता तरी—"

"तुझं नाय झालं अजून," ती म्हणाली. "अम्मांनी मला माफ केलं. त्यांचा सोभावच तसा. माझा तसा नाय."

"मी तीनदा आले. आमच्यात तीनदा आलं की—"

"तुमच्यात असंल. मी किती वेळा दार वाजवलं होतं, मोजलंस?"

तिनं चपला घातल्या आणि ती गेली. मी खुर्चीत बसले. माझ्या मनात पहिलं जे आलं ते प्रार्थनेचं नव्हतं. या बाईचा तोरा बघा, असं आलं. ते मी लपवत नाही. त्याच्या मागोमाग दुसरं आलं. मी चादरीकडं वळले आणि म्हणाले, "आई, तिचं झालं. आता माझं ऐक. मी तुला दोषी केलं आणि तू ते ऐकलंस, हे मला माहीत होतं." हे वाक्य मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. आई जशी जिवंतपणी गप्प होती तशीच गप्प राहिली. तिचाही राग आला. पण सांगून झालं.

साडेसहाला क्रांती चौकाच्या बाजूला फटाके उडाले. गिरजाघराच्या वर एक, मग दोन, मग तीन तारे दिसले. सरबताचा पेला मी ओठांना लावला तेव्हा वहिदा दारात उभी होती. हातात झाकलेली ताटली. ती आत आली नाही.

"मेथीचे पराठे हायत. सडलेली काढून टाकली."

"ठेव."

तिनं ताटली उंबऱ्यावर ठेवली.

"उद्या शिळा सण," मी म्हणाले. "अम्मा उद्या जातील. घाऱ्या घेऊन येऊ?"

"नको. घाऱ्या नको." तिनं ओढणी सावरली. "रिकाम्या हातानं ये. चौथ्यांदा."

आणि डास फार झाले म्हणून जाता जाता तिनं बाहेरून माझं दार ओढून घेतलं. आडणा खाटेखालीच होता. मी तो काढला नाही.